निळ्या फाटकावरची नोटीस

"नोटीस माझ्या फाटकावर लावली असं ते म्हणतात. त्यांच्याकडे फोटो आहे. आणि मी तुम्हाला सांगते, माझ्या फाटकावर कधी नोटीस नव्हतीच. आता खोटं कोण बोलतंय ते तुम्हीच शोधा."

एवढं बोलून तिने हातातली पिशवी टेबलावर उपडी केली. कागदांबरोबर एक छोटी कात्रीही पडली, पात्यांना ओली माती लागलेली.

तपासबाईंनी कात्री अलगद बाजूला सरकवली. "रोपवाटिका?"

"हायवेवरची. कलमवाली म्हणतात मला."

कंपाउंडरांनी वही उघडली. दवाखान्यात तीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्यावर निवृत्तीत ते तपासबाईंच्या नोंदी ठेवत. अक्षर मोत्यासारखं, पण लिहिलंय त्याचा अर्थ काय, हे मात्र बाईंनाच सांगावं लागे.

प्रकरण असं होतं. हायवे रुंद करायचा होता आणि त्यासाठी सरकार सक्तीने जमीन घेत होतं. आखणीत सगळा पट्टा कलमवालीच्या बाजूचा गेला होता. त्या पट्ट्यात लिंबाची सात जुनी झाडं होती. तिच्या सासूबाईंनी लावलेली. रोपवाटिकेतलं प्रत्येक कलम त्या झाडांच्याच डोळ्यांवरून, म्हणजे फांदीवरच्या कोंबांवरून, बांधलेलं.

"ती गेली की मी नुसती माती विकायची," ती म्हणाली. "हरकत घ्यायला एकवीस दिवस असतात. मला कळलं तेव्हा मुदत संपून गेली होती. परवा सुनावणी आहे आणि यादीत माझं नाव नाही."

"नोटीस कधीची?"

"सहा तारीख, सकाळी साडेदहा. मी चारला लेकीच्या बाळंतपणाला गेले, बाराला परतले." तिने फोटो पुढे केला. निळं पत्र्याचं फाटक, पत्र्यावरच रंगवलेलं रोपवाटिकेचं नाव, मधोमध पांढरा कागद. "फाटक माझंच आहे, नाही म्हणत नाही. तेव्हा निळं होतं, आता हिरवं आहे. मी नसताना दिराने रंगवून घेतलं."

"दिराने?"

तिने नजर वळवली. "त्यांचं पहिल्यापासून म्हणणं होतं, मोबदला घ्या नि मोकळ्या व्हा. बाई, नोटीस त्यांनीच फाडून वरून रंग दिला असेल, तर जमीन जाण्याइतकंच ते मला जिव्हारी लागेल. नवरा गेल्यावर हाच माणूस माझ्यामागे उभा राहिला होता."

बाई फोटोकडे बघत होत्या. फाटकावर लख्ख ऊन होतं. कडीची काळी सावली पत्र्यावर तिरकी उमटली होती.

---

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास दोघं रोपवाटिकेत पोचली. कलमवालीने फाटकाबाहेर रस्त्याच्या अंगाला दोन स्टुलं मांडली.

"इथेच बसा. गिऱ्हाइकांना सकाळी इथेच बसवते. बाराच्या आत इथे ऊन फिरकत नाही. आत बसाल तर भाजून निघाल."

कंपाउंडर सावलीत ऐसपैस बसले. बाई उभ्याच. त्या फाटकावरून हात फिरवत होत्या. मधोमध हिरव्या रंगाला पोपडे धरले होते.

"बघा ना," कलमवाली म्हणाली. "महिनाही झाला नाही. वेल्डरने धड घासलंसुद्धा नाही."

"पोपडे चौकोनीच का धरलेत?" बाईंनी विचारलं.

दीर आला तो हातातलं रोप खाली न ठेवता. चाळिशीचा, बोलायला फटकळ.

"वहिनी माझ्याशी चार दिवस धड बोलत नाहीयेत. तुम्ही गुप्तहेर ना? मग विचारा काय ते."

"फाटक का काढलंत?"

"ट्रक मागे घेताना बिजागरीला धक्का बसला. मुळापासून उचकटली. दोन्ही पल्ले गाडीवर घालून समोर वेल्डरकडे नेले. म्हटलं, वहिनी येईपर्यंत रंगही मारून होईल, खूश होतील. झाल्या खूश!"

"किती दिवस फाटक नव्हतं?"

"दोन. बकऱ्या आत शिरून मोगऱ्याचा सत्यानाश करून गेल्या. तारीख नका विचारू, मला माझ्या लग्नाची आठवत नाही."

"आणि नोटीस?"

"दिसली असती तर वहिनींना फोन केला असता. मोबदला घ्या म्हणतो मी, पण तोंडावर म्हणतो. पाठीमागे उद्योग करत नाही."

कलमवालीने मान खाली घातली.

तो गेल्यावर कंपाउंडर कुजबुजले, "बाई, सरळ आहे. नोटीस पाहिली, फाटक उचकटलं, रंग मारला. ट्रकचं निमित्त. पोपडे चौकोनी, कारण खाली नोटिशीचा कागद."

"खाली कागद आहे, हे बरोबर," बाई म्हणाल्या. "बाकीचं औषध चुकीच्या बाटलीत भरलंत."

---

रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लागली. ट्रक थांबेनात, बस थांबेनात. पलीकडे तीन दुकानं ओळीने होती: पंक्चर, चहा आणि वेल्डिंग. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे, म्हणजे रोपवाटिकेकडे. मागे बांधकाम खात्याचं जुनं आवार. तुटकी कुंपणं, गवत आणि गंजलेला रोलर.

पंचनाम्यावर एक सही चहावाल्याची होती, दुसरी पंक्चरवाल्याची; त्याचं दुकान आज बंद होतं. म्हातारा शेगडीपुढून उठला नाही.

"हो, मी पंच. माझ्या डोळ्यांसमोर चिकटवली."

"नीट दिसली?"

"वरची ठळक ओळ वाचलीसुद्धा. चष्मा नसला तरी जवळचं स्वच्छ दिसतं मला. लांबचं विचारू नका. समोरून बस येते का ट्रक ते हॉर्नवरून ओळखतो."

"मग दुकान सोडून सही करायला गेलात?"

"दुकान कसं सोडणार? दूध उतू गेलं तर कोण भरून देणार, तुम्ही? शिपायाने कागद आणून दिला, इथेच सही केली."

कंपाउंडरांनी सगळं उतरवून घेतलं आणि चहाला दाद दिली.

वेल्डर डोळ्यांवर काळी काच चढवून दुकानासमोर उन्हात काम करत होता. मागच्या भिंतीला ग्रील आणि फाटकं टेकून ठेवलेली. ऊन त्यांच्यावर झगझगत होतं.

"सकाळी फार तापतं का हो?" बाईंनी विचारलं.

"दुपारपर्यंत नुसती भट्टी. म्हणून तर रंग झटपट वाळतो."

"त्यांच्या फाटकाचा मात्र उडतोय."

त्याने काच वर केली. "घाई होती. दीर मागे लागला होता."

"नोटीस लावायला शिपाई आला होता, आठवतं?"

"माझं लक्ष कामात असतं. वेल्डिंग करताना इकडेतिकडे बघितलं तर डोळे जातील." त्याने काच खाली ओढली. "माझं दुकान रुंदीकरणात जात नाही. मला त्या भानगडीत कशाला ओढता?"

शिपाई कार्यालयात भेटला. प्रामाणिक चेहऱ्याचा, थकलेला.

"बाई, एका दिवसात चाळीस नोटिसा होत्या. मालक नसेल तर दर्शनी फाटकावर लावायची, नाव दिसेल असा फोटो काढायचा, दोन पंच घ्यायचे. नियमाचं एक अक्षर चुकवलं नाही मी."

"बसमधून कुठे उतरलात?"

"चहाच्या टपरीपाशी. तिथेच थांबा आहे."

"आणि मग?"

"मग काय, फाटकावर लावली." तो गोंधळला. "फाटक त्यांचंच होतं ना?"

"अगदी त्यांचंच," बाई हसून म्हणाल्या. "उद्या सुनावणीला या."

---

सुनावणीच्या सकाळी भूसंपादन अधिकाऱ्यांच्या खोलीत बसायला जागा नव्हती. अधिकारी घड्याळाकडे बघत म्हणाले, "दहा मिनिटं देतो. नोटीस बजावल्याचा फोटो आहे, पंच आहेत. फोटो खोटा आहे म्हणता?"

"नाही. फोटो खरा, पंच खरे, शिपाई खरा. आणि या बाईही खऱ्या," तपासबाई म्हणाल्या. "नोटीस फाटकावर लावली होती. फक्त फाटक रोपवाटिकेत नव्हतं."

खोलीत चुळबूळ झाली. दिराने चमकून वर पाहिलं.

"फोटोत फाटकावर लख्ख ऊन आहे. वेळ साडेदहाची. रोपवाटिका रस्त्याच्या पूर्वेला आहे, फाटक पश्चिमेकडे तोंड करून. काल त्याच वेळी कंपाउंडर त्याच जागी गार सावलीत बसले होते. बाराच्या आत त्या पत्र्यावर ऊन पडूच शकत नाही. समोरच्या बाजूला मात्र भट्टी असते, आणि तिथे वेल्डरच्या भिंतीला दुरुस्तीची फाटकं टेकलेली असतात. हे फाटकही दिराने तेव्हा तिथेच नेलं होतं."

कंपाउंडर स्वतःशीच पुटपुटले, "मी बसलो होतो की! अंगाला कळलं, डोक्याला नाही."

"चहावाल्या काकांना लांबचं दिसत नाही. त्यांनी शेगडी सोडली नाही, तरी नोटिशीची ओळ वाचली. म्हणजे फाटक त्यांच्या शेजारी होतं. काका?"

म्हातारा गडबडला. "वेल्डरच्या दुकानापुढेच होतं. मला कुणी विचारलंच नाही कुठे ते!"

"शिपाईभाऊ, नियमात 'दर्शनी फाटकावर' असं आहे. तुम्ही अक्षर पाळलंत. पण ते फाटक जिथे उभं असायला हवं, ती जागा पाहिली नाहीत. 'हेच त्यांचं फाटक, इथेच लावा,' असं कुणी सांगितलं?"

शिपायाने हळूच बोट केलं. वेल्डर भिंतीला टेकून उभा होता.

"मला वाटलं दीर," अधिकारी म्हणाले.

"नोटीस लपवायला दिराने फाटक काढलं असतं, तर त्याआधी नोटीस रोपवाटिकेत लागलेली हवी. उन्हाने ती शक्यताच काढून टाकली. शिपाई गेल्यावर वेल्डरने वरवर फाडलं आणि उरलेल्या कागदावर घाईने रंग मारला. तेच पोपडे. आणि मला म्हणाले, माझं लक्ष नव्हतं. दारात कुणी सरकारी नोटीस डकवतो आणि मालकाला पत्ता नाही, असं दुकान मी तरी पाहिलेलं नाही."

वेल्डरने टोपी काढली.

"हरकत घेतली असती तर आखणी आमच्या बाजूला सरकली असती," तो म्हणाला. "माझं दुकान वीस फुटांचं आहे. तेवढंच आहे. यांच्याकडे एवढी जमीन... सांगितलं नाही, एवढंच केलं."

"एवढंच नाही," कलमवाली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या मनात माझ्या माणसाबद्दल विष कालवलंत." ती दिराकडे वळली. "भाऊजी, चुकलं माझं."

"असू दे वहिनी. बकऱ्यांचा हिशोब मात्र वेल्डरकडून घेऊ," दीर म्हणाला, आणि नाक ओढलं.

अधिकाऱ्यांनी फाइलवर शेरा लिहिला: नोटीस बजावली गेली नाही, हरकत दाखल करून घ्यावी. "वेल्डरने नोटीस फाडली, त्याची चौकशी वेगळी होईल. बाई, अर्ज आणलाय?"

तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. अधिकारी वाचू लागले आणि मध्येच थांबले. मग मोठ्याने वाचलं.

"'पट्टा दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा घ्यावा. समोरच्या तीन दुकानांमागे बांधकाम खात्याचं आवार कित्येक वर्षं पडून आहे. दुकानं तेवढीच मागे सरकवून द्यावीत, म्हणजे कुणाचं पोट मारलं जाणार नाही.'" त्यांनी मान वर केली. "ही दुकानं तुम्ही का घातलीत यात?"

"रोज समोर दिसतात," ती म्हणाली.

वेल्डर खाली बसला.

---

पंधरा दिवसांनी निम्म्या निम्म्या पट्ट्याची नवी मोजणी झाली. तपासबाईंचं तिथे काही काम नव्हतं, पण कंपाउंडरांना बघायचंच होतं.

मोजणीदाराला टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. कुणी बोलवायच्या आत वेल्डर रस्ता ओलांडून आला. कलमवालीने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली.

टेप रस्त्याच्या मध्यापासून ताणली गेली, फाटक ओलांडून आत आली. दीर टेपच्या बरोबरीने चालत आला. मोजणीदाराने आकडा वाचला, वाकून खुंटी टेकवली आणि हातोडा उचलला.

पहिल्या लिंबाचं खोड खुंटीच्या पलीकडे, रोपवाटिकेच्या बाजूला, दीड हातावर होतं.

"घट्ट ठोका," कलमवाली म्हणाली.