कोरडा चाललेला पंप

पंप कशाला हवाय हे जे गिऱ्हाईक धड सांगत नाही, त्याची काहीतरी भानगड असते, असं प्रेमाचं ठाम मत होतं. आणि साकीनाक्याला मधुकरशेठच्या पंपांच्या दुकानात चार वर्षं काउंटर सांभाळून बनलेलं मत म्हणजे काही ऐकीव गोष्ट नव्हे! माहूलच्या कोळीवाड्यातली पोर ती. बापाच्या होडीतलं पाणी उपसायचा पंप बाराव्या वर्षी खोलून परत बसवायची. तिला कोण बनवणार?

त्या दुपारी समोर उभा राहिलेला माणूस मात्र भानगडवाला वाटत नव्हता. उंच, सावळा, उजव्या हाताला बँडेज, आणि डोळे असे की... जाऊ द्या. प्रेमाने ते उगाचच दोनदा पाहिले.

"एक पंप हवा होता. छोटासा."

"पाण्यासाठी?"

"पाणीच... म्हणजे, पाण्यासारखंच."

"थंड की गरम?"

"उकळतं."

प्रेमाने पेन खाली ठेवलं. "उकळतं, आणि पाण्यासारखं. घरात भट्टी लावलीय की काय? आमच्या दारात पोलीस नको हां!"

तो असा दचकला की बँडेजचा हात काउंटरवर आपटला. "आई गं! अहो, भट्टी कसली? आल्याची बिअर करतो मी. नशा नाही हो त्यात, माझी आईसुद्धा पिते!"

"आई पिते हा पुरावा झाला?"

त्यावर तो हसला. दुखऱ्या हाताला फुंकर घालत, मान खाली घालून हसला, आणि प्रेमाच्या ठाम मताला तिथेच तडा गेला.

नाव सहदेव. मूळ गाव मालवणकडे, बिऱ्हाड घाटकोपरच्या चाळीत. वडिलांची गिरणी संपानंतर उघडलीच नाही, तेव्हापासून घर ह्याच्यावर. पवईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस होता. तिथल्याच एका सरांकडून ही विद्या शिकला होता. आलं, गूळ, लिंबू भल्यामोठ्या पातेल्यात उकळायचं, तांब्याच्या नळीतून फिरवून निववायचं, मग यीस्ट घालून पिंपात दोन दिवस आंबवायचं. बाटली उघडली की असा फेस येतो म्हणता! पण पन्नास लिटरचं उकळतं पातेलं फडक्याने धरून उचलायचं म्हणजे... त्याने बँडेजकडे बोट दाखवलं.

"एका ऑफिसच्या कँटीनवाल्याने शब्द दिलाय," तो म्हणाला. "ह्या महिनाअखेरीच्या शनिवारी त्यांचं स्नेहसंमेलन आहे. दोनशे बाटल्या द्यायच्या. पसंत पडल्या तर रोजचं काम माझं."

मग काय! प्रेमाने पंप शोधणं मनावरच घेतलं. पहिल्या दिवशी काढलेला लोखंडी तिने स्वतःच परत ठेवला. "ह्याचा गंज चवीला उतरेल." दोन दिवसांनी दुसरा दाखवला, तोही नापास. "ह्याचं आतलं रबर उकळत्यात मऊ पडेल. तुला स्टीलचाच पाहिजे, मागवते." अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

मधल्या एका दिवशी तो बाटली घेऊन आला. प्रेमाने मोठ्या ऐटीत घोट घेतला आणि फेस थेट नाकातून बाहेर! डोळ्यांतून पाणी, ठसका, आणि सहदेव शहाण्यासारखा न हसण्याचा प्रयत्न करतोय...

"हस की मेल्या!"

"नको. पंप मिळायचा नाही मला." आणि थोडं थांबून, "उद्या येऊ?"

"पंप परवा येणार आहे."

"ठाऊक आहे ना. म्हणून तर विचारतोय... उद्या येऊ?"

प्रेमाने बिलबुकात डोकं खुपसलं. पण दुसऱ्या दिवशी तिने वेणीत अबोली माळली होती, हे मधुकरशेठच्यासुद्धा लक्षात आलं.

आणि तिसऱ्या दिवशी पंप आला. छोटा, चकचकीत, अगदी हवा तसा. प्रेमाने सगळं समजावलं. नळी कोणती, वायर कशी, धुवायचा कसा. फक्त एक गोष्ट बोलली नाही. हा पंप स्वतःहून पाणी ओढत नाही. तो पातेल्याच्या खाली बसवायचा, आत पाणी भरून घ्यायचं, मगच बटण दाबायचं. कोरडा चालवला की गळती अडवणारं आतलं सील जळतं. गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत हे सांगायचंच, असा दुकानाचा नियम होता. चार वर्षांत ती तो एकदाही चुकली नव्हती.

आज जिभेवर आलेलं वाक्य तिने गिळलं. सगळं सांगून टाकलं तर हा परत कशाला येईल? घरी साध्या पाण्यावर चालवून बघेल, पंप नुसता घूं घूं करेल, की वैतागून उद्या दारात हजर. "चालव तू," ती म्हणाली, "अडलं तर ये." प्रेमात माणसाची अक्कल चरायला जाते म्हणतात, ते उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. शनिवार आला आणि गेला.  सोमवारी सकाळी सहदेव आला, पिशवीतून पंप काढला आणि काउंटरवर ठेवला. जळक्या सीलचा वास सगळीकडे पसरला.

"साध्या पाण्यावर बघायला वेळच नव्हता," तो म्हणाला. "वरच्या फळीवर बसवला आणि थेट चालू केला. पंधरा मिनिटं ओरडला आणि बंद पडला. घाईघाईत पातेलं हाताने उचलायला गेलो, ते सगळं कलंडलं. हात वाचले एवढंच. कँटीनवाल्याने काम दुसऱ्याला दिलं." तो कसंनुसं हसला. "तू एवढं नीट समजावलं होतंस. माझंच डोकं नाही. पातेलं विकून टाकतोय... तुला सांगून जावं म्हटलं."

मधुकरशेठने पंप नाकाशी नेला. "कोरडा चालवलास की रे! ही गिऱ्हाइकाची चूक. परत घेता येणार नाही."

प्रेमाने पंपाकडे पाहिलं. गप्प राहिली तर कुणाला कधी कळणार नव्हतं. तिची नोकरी शाबूत, मान शाबूत. आणि हा माणूस जन्मभर स्वतःला बिनडोक समजत राहणार.

"त्याची चूक नाही, शेठ. पाणी भरायचं मी सांगितलंच नाही."

"विसरलीस?"

"नाही. मुद्दाम."

मधुकरशेठने चष्मा काढला. सहदेव तिच्याकडे बघतच राहिला.

"सांगितलं असतं तर हा परत आला नसता," प्रेमा म्हणाली.  "मला वाटलं, दुसऱ्या दिवशी विचारायला येईल. मला... तो यायला हवा होता."

"मी जरा चहाचं सांगून येतो," म्हणत मधुकरशेठ चपला न घालताच बाहेर पडले. सहदेवही निघाला. पंप तिथेच टाकून.

रविवारी नवं सील, नटबोल्टचे पाने आणि पंप पिशवीत घालून, बिलावरचा पत्ता शोधत प्रेमा घाटकोपरला गेली. दार त्याच्या आईने, अंजनाबाईने उघडलं.

"तूच काय गो ती पंपवाली? त्या सांडलेल्या गुळाच्यो मुंग्यो दहा दिवस आवरतंय मी! ये, आत ये."

सहदेव कोपऱ्यात उभा होता. पातेलं अजून विकलं गेलं नव्हतं. प्रेमाने पदर खोचला, जमिनीवर बसली, सील बदललं, पंप पातेल्याच्या खाली बसवला. आत पाणी भरलं. "बटण तू दाब," ती म्हणाली.

त्याने दाबलं. पाणी नळीतून सरसर चढलं आणि वरच्या पिंपात पडायला लागलं. 

"तू सांगेपर्यंत मी स्वतःलाच शिव्या देत होतो, प्रेमा."

"म्हणूनच आले. माफ करायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण तुला जमतं, हे सांगायला आले. आणि तू मला आवडतोस. आता तुझ्यापासून काहीच लपवलेलं नाही."

सहदेवने पंप बंद केला. "पुन्हा अडलं तर आता माझं मला दुरुस्त करता येईल. म्हणजे दुकानात यायचं मला काही कारणच उरलं नाही."

"हो... नाही उरलं." प्रेमा पाने गोळा करायला लागली. एक पाना दोनदा हातातून निसटला. त्याने तो उचलून तिच्या हातात दिला, आणि हात तसाच राहू दिला.

"तरी उद्या येतो," तो म्हणाला. "काम काही नाही हां. नुसता येतो. चालेल?"

प्रेमाला हसावं की रडावं कळेना. मग तिने दोन्ही केलं.

"ये," ती म्हणाली. "नुसताच ये."