चौथा ठोका

चाळीस वर्षं मी घाटंजीत गॅरेज चालवतो. एवढ्या वर्षांत मला दोन जातीच्या माणसांचा मनापासून तिटकारा आला आहे. एक, गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची बांधणारे. दोन, इंजिनाला कान न लावता लॅपटॉप लावणारे. जावयाच्या गाडीपायी मला या दुसऱ्या जातीच्या दारात चार वेळा उभं राहावं लागलं.

जावई इम्तियाज यवतमाळला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून आहे. मला न विचारता त्यानं तीन सिलेंडरची नवी गाडी घेतली, कारण काय, तर तीन वर्षांची वॉरंटी. वॉरंटी म्हणजे गाडी तुमची आणि बोनेटखालचं सगळं कंपनीचं. बाहेरच्या मिस्त्रीनं एक नट फिरवला तरी ती रद्द. माझी मुलगी फरहाना बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी म्हणून त्यानं ही गाडी माझ्या अंगणात आणून ठेवली. फरहानाचं आधीचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. या वेळी दर पंधरवड्याला यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं, आणि गाडी अर्ध्या रस्त्यात आचका देऊन बंद पडायची.

शोरूममध्ये थंडगार हवा, कॉफीचं मशीन, आणि टाय लावलेला नयन नावाचा पोरगा. त्याच्या हाताला ग्रीसचा डाग मी कधी पाहिला नाही.

"काका, स्कॅनरवर काहीच येत नाही. गाडी ओके आहे."

"स्कॅनर ओके आहे. गाडी बंद पडून राह्यली."

"पेट्रोल कुठलं टाकता तुम्ही?"

चारही वेळा त्यांनी गाडी धुतली, आत अत्तर मारलं आणि परत दिली. चौथ्या वेळी माझं डोकं फिरलं. मी इम्तियाजला समोर बसवून मोठ्या ऑफिसला पत्र लिहायला लावलं. इंजिन बदलून द्या, दुसरं काही ऐकणार नाही. मजकूर माझा होता आणि त्यातले दोन शब्द इम्तियाजनं घाबरून गाळले.

पत्र गेल्यानंतरच्या रविवारी दुपारी मी बोनेट उघडलं. नटाला हात लावला नाही. लांब पेचकस घेतला, टोक चालू इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर धरली. ऐकायला तर कंपनीची मनाई नव्हती.

तीन सिलेंडरचे तीन ठोके अगदी नीट होते. त्यांच्याखाली चौथा होता. बारीक आणि घाईचा. सात ठोके सरळ, मग एक खोट, म्हणजे ठोक्याची जागा रिकामी, मग दोन जोडीनं. पुन्हा सात.

वॉटर पंप असेल, मी म्हटलं. रेस दिली. तिघं धावायला लागले, चौथा होता त्याच चालीनं चालत राहिला. मी चावी काढली. तिघं थांबले.

चौथा थांबला नाही.

संध्याकाळी इंजिन हाताला गार लागत होतं, तेव्हा पुन्हा ऐकलं. तेच. सात, खोट, दोन. मी बोनेट आपटून घरात आलो.

"चेहरा काहून असा झाला?" बायको जोहराबीनं विचारलं.

"कंपनी हरामखोर आहे," मी म्हणालो आणि चहा मागितला.

बुधवारी दवाखान्यात गेलो. फरहाना आणि जोहराबी पडद्याच्या आत, मी बाहेर बाकावर. डॉक्टरीणबाईंनी जोहराबीला ऐकू यावं म्हणून मशीनचा आवाज वाढवला. माझी बोटं बाकावर आपोआप मोजायला लागली. पाच. सहा. सात. खोट. मग दोन जोडीनं.

"काही बाळांचा ठोका असा चुकतो," बाई आत सांगत होत्या. "बहुतेकदा जन्मल्यावर आपोआप जातं. घाबरू नका."

मी शहाणा माणूस आहे. शंभर इंजिनांत एका चालीच्या दोन गाड्या निघतातच, असं मी स्वतःला सांगितलं. परतताना अकोलाबाजारच्या पुढं गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. मागच्या सीटवर फरहानानं पोटाला हात लावला.

"अब्बा, हे एकदम चूप झालं पोटात."

मी चावी फिरवली. दोनदा नुसतीच घरघर झाली. तिसऱ्यांदा इंजिनानं पकड घेतली.

"मारली लाथ," फरहाना म्हणाली आणि हसली. जोहराबीही हसली. घाटंजी येईपर्यंत मी इंजिन एकदाही बंद होऊ दिलं नाही.

महिन्याभरानं कशफ जन्मली. पावणेतीन किलो, आवाज खणखणीत. त्या दिवसापासून गाडी एकदाही बंद पडली नाही. रोज सकाळी मी दोन ठिकाणी ऐकायचो, आधी पाळण्यात, मग बोनेटखाली. दोन्हीकडे एकच चाल. पत्र मागं घ्यावं असं चारदा मनात आलं. पण कारण काय लिहिणार? लिंबू-मिरचीवाल्यांना मी चाळीस वर्षं तोंडावर हसत आलो आहे. आणि ती ढिम्म कंपनी पत्र वाचणार तरी आहे का, असं म्हणून मी गप्प बसलो.

शुक्रवारी इम्तियाज लेकीला बघायला आला आणि जाताना गाडी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"अब्बा, तुमचं पत्र मंजूर झालं! पूरं इंजिन नवं. एक पैसा नाही. सकाळीच गाडी शोरूमले सोडली."

मी नयनला फोन लावला. कशफ माझ्या मांडीवर झोपली होती.

"मुबारक हो काका! तुम्हीच जिंकले."

"इंजिन काढू नको."

"निंगालं बी. खाली ठेवलं आहे."

"मग ते मले दे. मी येतो घ्यायले."

"तसं देता येत नाही काका. बदललेला माल कंपनीचा असते. फोटो काढून त्याच्यात भोक पाडा लागते, कोनी परत वापरू नये म्हून. पोरं करूनच राह्यले."

"थांबव त्यायले."

"कायले? कारण सांगा न. साहेबाले विचारून घेतो."

कारण जिभेवर होतं. त्याच्या मागं कुणीतरी हसत होतं, कॉफीचं मशीन फुसफुसत होतं. ते टायवाले दिवाळीपर्यंत माझी नक्कल करत बसले असते. घाटंजीचा निजामुद्दीन मिस्त्री, म्हणे इंजिनात नात ऐकतो.

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"काका? आहे का लाइनवर?"

"थांब, सांगतो," मी म्हणालो.

तिकडं ड्रिल सुरू झालं होतं.

माझी दोन बोटं कशफच्या छातीवर होती.

सहा.

सात.

खोट आली. मी पुढच्या दोन ठोक्यांची वाट बघू लागलो.