दोरीवरचा बावटा

आमच्या बिल्डिंगमध्ये मला थापाड्या म्हणतात. खुशाल म्हणा. पण ही थाप नाही.

जागा विक्रोळी, कन्नमवार नगर. माझ्या बहिणीचं, सुनंदाचं घर. शिमग्यानंतरचा रविवार. रात्र नव्हती, भर दुपार होती. भुतांनी रात्रपाळीच करावी असा काही कायदा नाही.

सुनंदाचा मुलगा हर्षद जहाजावर खलाशी. समोरच्या दारातला सुयोग त्याचा जिगरी दोस्त. हर्षदनेच त्याला आपल्या जहाजावर चिकटवलं होतं.

दोघं गेले. परत आला एकटा हर्षद.

"सुयोग एका बंदरात उतरला, तो आलाच नाही. पळाला," त्याने सांगितलं. कंपनीनेही तेच कळवलं.

सुयोगची आई मालन, विधवा बाई. बायका तोंडावर म्हणायच्या, "तिकडे कुणी गोरी ठेवली असेल गं त्याने."

"ठेवूंदे," ती म्हणायची. "जिवंत आसा ना?"

तर त्या दुपारी जेवून आम्ही लवंडलो होतो. बाल्कनीतून आवाज आला...

टप्.

टप्.

उठून बघितलं. दोरीवरचं धुणं कडकडीत वाळलेलं. मधलं एकच कापड निथळत होतं... तिरकं दोन रंगांचं. अर्धं लाल, अर्धं पिवळं.

"हे कुणाचं गं?"

"माझं नाही," सुनंदा म्हणाली. "वरच्यांचं पडलं असेल."

वरून पडलेलं कापड स्वतःला गाठी मारून घेत नाही. याला होत्या. घट्ट, खलाशी मारतात तशा.

मी बोट लावून चाखलं.

खारट.

तेवढ्यात हर्षद आला. बघितलं... आणि आधी जाऊन पुढचं दार लावून आला.

"कसला बावटा रे हा?" मी विचारलं. आमच्या देवगडला वादळाचा बावटा लागतो, तेवढाच मला ठाऊक.

"माणूस पाण्यात पडला की चढवतात, मामा."

"मग इथे कोण पडलंय?"

त्याने गाठी सोडल्या, कापड पिशवीत कोंबलं आणि खाडीत फेकून आला.

दुसऱ्या दुपारी पुन्हा...

टप्.

मग रोजच. मीही तिथला मुक्काम वाढवला. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बावटा दोरीवर असेपर्यंत कावळा ओरडत नसे. खालून रिक्षा जाताना दिसायची, तिचा आवाज वर येत नसे. ऐकू यायचं फक्त ते पाणी.

शेवटी एकदा मालन वाटी घेऊन साखर मागायला आली. तिची नजर बाल्कनीत गेली.

"रंग बरो आसा गो. कसला कापड?"

हर्षदने तिचे पाय धरले. सगळं ओकला.

सुयोग पळाला नव्हता. डेकवरून घसरून समुद्रात पडला होता. हर्षदने बघितलं. हाच बावटा घेऊन चढवायला धावला. कप्तान म्हणाला, ठेव तो. वळलो तर माल पोचायला उशीर होईल.

हर्षदने बावटा घडी घालून ठेवला. जहाज वळलं नाही.

वर साक्ष दिली, सुयोग पळाला म्हणून. बढती मिळाली त्याबद्दल.

मालन रडली नाही.

"तेना हाक मारल्यान?"

"मारली, काकू."

"कोणाक?"

हर्षद तिचे पाय सोडून मागे सरकला.

"मी विचारतंय, कोणाक?"

"मला."

ती उठली. घरी गेली. दार लावलं. ते आमच्यासाठी आजवर उघडलेलं नाही.

बावटा त्यानंतर आला नाही. हर्षदने जहाज सोडलं, ऑफिसात नोकरी धरली. सुटला पोरगा, असं मीच म्हणालो.

परवा माझ्याकडे आला होता. चहा पिता पिता मध्येच कप ठेवला. मान वळवली...

"आलो रे," म्हणाला.

कुणीही हाक मारली नव्हती.

उठून सरळ खिडकीकडे निघाला. एक पाय चौकटीवर टाकला. चौथा मजला आहे माझा. मी मागून सदरा धरला.

"अरे, वेड लागलंय का तुला?"

तो शांतपणे म्हणाला, "सोड मामा. अजून पाण्यावर आहे तो."

मी सोडला नाही. खिडक्यांना ग्रिल लावून घेतलं, सुनंदाकडेही लावलं.

पण त्याचं ऑफिस ऐरोलीला आहे. रोज खाडीपुलावरून जातो...

त्याला यायला उशीर झाला की सुनंदाचा फोन येतो. फोन वाजत राहतो.

मी हात पुढे करतो... उचलवत नाही.