खांदेरीच्या पाण्यावरचा उजेड

दौलतला परत आणायचं! एवढ्यासाठीच अठराशे पंचाण्णव सालच्या मार्गशीर्षात, वादळ शमल्यावर, माझगावच्या बंदरातून एक होडी निघाली. मासेमारीला गेलेल्या दौलतच्या होडीची डोलकाठी मोडलेली कुणीतरी खांदेरी बेटापाशी पाहिली होती. सुकाणूवर त्याचा म्हातारा बाप धर्मा होता. वल्ह्यांवर धाकटा भाऊ धोंडू आणि दौलतची बायको रखमा.

"वहिनी, मासळीची पाटी घरीच ठेवलीस ना? तिकडं बाजार नाही भरत!" धोंडूनं चिडवलं.

"तोंड कमी चालव, वल्हं जास्त!"

बेटापाशी पोचेतो काळोख दाटला. आभाळ चांदण्यांनी भरलं होतं, पण खाली पाणी शाईसारखं काळं, आणि खडकांवर लाटा फुटत होत्या. कितीही हाका मारल्या तरी उत्तर येईना.

"बेटावरच्या दीपस्तंभाकडं टक लावू नका रे," धर्मानं समजावलं. "डोळे दिपतात. उजेड जिथं पडतो, तिथं बघायचं."

इतक्यात आभाळ पेटलं!

उल्केचा एक हिरवट गोळा सरसरत आला. डोक्यावर फुटला! भर रात्री दिवस झाला. धोंडू किंचाळला. खुद्द धर्माही आ वासून वर पाहत राहिला.

रखमाची मानही वर उठत होती. तिनं ती खाली दाबली. पाणी बघ! डावीकडं खडकांचा फेस. फेसाच्या अलीकडं काळ्या पाण्याची पट्टी. पट्टीच्या टोकाला कलंडलेली होडी आणि हलणारा हात!

पुन्हा अंधार.

"मामंजी, डावीकडं!"

"काही दिसत नाही गं मला!"

"मला दिसलंय. वळवा!"

बरीच वल्ही मारून झाली, तेव्हा कुठं आभाळात धडाडधूम झालं. धोंडूच्या हातातलं वल्हं सुटता सुटता राहिलं. "देव कोपला! मागं फिरू या!"

"अरे, आवाज आत्ता पोचतोय," धर्मा म्हणाला. "म्हणजे ते फुटलं लांब, फार लांब. आपल्यावर नाही कोसळलं. वल्हव!"

लाट आली. होडी खडकाला घासली. रखमानं वल्हं रेटून ती काळ्या पाण्यात ढकलली. अखेर ओळखीचा आवाज आला, "आधी जाळी घ्या!"

"जाळी नवी विणू. हात द्या!"

दौलत वर आला, थरथरत. त्याची होडी जाळ्यांसकट बुडाली. कुणी मागे पाहिलं नाही.

धर्मानं डोळे चोळले आणि सुकाणू सुनेपुढं केलं.

"धर, पोरी. माझे डोळे अजून वरच अडकलेत."