निबंधाची दुसरी बाजू

"हे तुम्ही लिहिलंत?"

हिमायतनगरच्या त्या शिकवणी-वर्गाच्या माळ्यावर सहसा कुणी चढून येत नसे. खाली अप्पाराव सर अमेरिकेला निघालेल्या मुलांना इंग्रजीच्या परीक्षेसाठी तयार करत. वर, वाळ्याचा वास सोडणाऱ्या कूलरशेजारी, मी त्यांचे सराव-निबंध तपासत असे. मुलं मला ओळखत नसत. मी त्यांना केवळ अक्षरावरून ओळखत असे. माझ्यासारख्या भिडस्त माणसाला ही व्यवस्था सोयीची होती.

आणि आज एक अक्षर चालत माझ्यासमोर आलं होतं. तिच्या हातातल्या कागदावर, इंग्रजी निबंधाखाली, लाल शाईत माझा शेरा होता. तोही मराठीत. 'सगळं नीट आहे. पण तुमचं मत कुठे आहे?'

"माफ करा... चुकून लिहिलं गेलं," मी म्हणालो. या तेलुगू-उर्दू शहरात मृण्मयी हे नाव वाचलं आणि थकलेला हात नकळत आपल्या भाषेत वळला होता.

"चुकून मराठी, की चुकून शेरा?"

"मराठी चुकून. शेरा... मनापासून."

ती हसली. माळ्यावरचा उकाडा क्षणभर मला जाणवेनासा झाला.

त्या वर्षी शहरातल्या भिंतीभिंतीवर संगणक-वर्गांच्या जाहिराती होत्या आणि घराघरातल्या एका तरी मुलाचं मन चेन्नईच्या व्हिसाच्या रांगेत उभं होतं. अप्पाराव सरांनी सगळ्यांना एकच साचा दिला होता : आधी फायदे, मग तोटे, शेवटी सुवर्णमध्य. या साच्यानं मृण्मयीला सहापैकी चार गुण मिळत. तिच्या विद्यापीठाला पाच हवे होते.

"माझं मत आजवर कुणी विचारलंच नाही हो," ती सहज म्हणाली. पण त्या सहजपणाला एक बारीकशी चीर होती. "पुण्याहून इकडे आलो, ते बाबांनी ठरवलं. कॉम्प्युटर, बाबांनी. अमेरिका, तेही बाबांनीच. आणि परीक्षकाला एकदम माझं मत हवंय?"

"हौ."

"हौ?"

"म्हणजे... हो. आम्ही मूळचे नांदेडचे. पण मी वाढलो इथं, काचीगुड्याला."

"गोड आहे," ती म्हणाली. शब्द की आणखी काही, ते तिनं सांगितलं नाही.

मी विचारलं, "तुम्हाला मराठीत भांडता येतं?"

"पुण्याची आहे मी!"

त्या उत्तरातूनच आमची पद्धत जन्मली. संध्याकाळी नारायणगुड्याच्या इराणी हॉटेलात बसायचं. तिनं विषय घ्यायचा, मनाला येईल ती बाजू धरायची. मी विरुद्ध बाजू घ्यायची, आणि पटलं तरी हार मानायची नाही. मराठीत भांडून झालं, की तिनं तिथेच, संगमरवरी टेबलावर, तेच इंग्रजीत लिहायचं.

"बाहेरचं खाणं बरं," ती एकदा म्हणाली.

"घरचं खाऊन माणूस धडधाकट राहतो."

"तुम्ही घरचंच खाता ना? मग असे काडीसारखे कसे?"

"हा मुद्दा निबंधात चालणार नाही."

"उदाहरण द्या, उदाहरण द्या, असं तुम्हीच सांगता ना, सर? मी दिलं!"

मी बशीतल्या बिस्किटाकडे पाहत राहिलो, आणि ती माझ्या लाल झालेल्या कानांकडे.

हळूहळू तिचे निबंध बदलले. पहिल्याच वाक्यात ती आपली बाजू सांगू लागली. पुढे तिची माणसं येत, तिची शाळा येई, तिचा राग येई. मी पाच देऊ लागलो, आणि प्रत्येक पाचागणिक ती माझ्यापासून थोडी दूर जात होती, हेही मला कळत होतं. ऑगस्टमध्ये तिचं विमान होतं.

परीक्षेला तीन दिवस उरले असताना तिनं शेवटचा विषय वाचला : शिक्षणासाठी दूर जावं, की आपल्याच गावी राहावं?

चहावर साय धरेपर्यंत ती कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "राहावं."

"कारण?"

"दूर गेलेल्या माणसाला सगळं नवं मिळतं. घर, मित्र, भाषासुद्धा. पण..." तिनं माझ्याकडे पाहिलं. "ज्याच्याशी असं भांडता येईल, तो माणूस नवा मिळत नाही."

पंख्याची घरघर मला एकाएकी फार मोठी वाटू लागली. उत्तर ओठांवर होतं. पण भिडस्त माणसाला नियमासारखा आडोसा नसतो. माझी बाजू विरुद्ध होती, आणि मी ती घेतली.

"माझ्या वडिलांनी गाव सोडलं नसतं, तर मी आज गावकुसाबाहेरच्या वस्तीत असतो," मी म्हणालो. "दूर गेल्याशिवाय माणसाला आपली उंची कळत नाही. मायेनं अडवणाराही शेवटी अडवतोच. तुम्ही जायलाच हवं."

'माणसानं' म्हणायचं होतं. 'तुम्ही' म्हणून गेलो. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी बोललो नव्हतो.

तिनं पेनाला टोपण लावलं. "जिंकलात, सर."

"निबंध?"

"आज नको."

ती गेली. मी किती चांगला हरलो होतो, हे मला तिचा अर्धा कप पाहताना उमगलं.

परीक्षेचं केंद्र कोठीतल्या एका कॉलेजात होतं. एप्रिलच्या उन्हात मी फाटकापाशी उभा राहिलो. दुपारी मुलांच्या लोंढ्यातून ती बाहेर आली, मला पाहून थबकली.

"पेपर कसा गेला?"

"छान. समोर कुणी नव्हतं, तरी भांडले." तिचा स्वर कोरडा होता.

"त्या दिवशी मी बोललो, ते... नियम होता म्हणून..."

"म्हणजे खोटं होतं?"

"खोटं नव्हतं. तुम्ही जावं, हे खरंच. पण दुसऱ्या अंगानं पाहिलं तर..."

"सर, हे असं लिहिलंत तर चारच गुण मिळतील."

ती थट्टा करत होती, पण तिचे डोळे भरले होते. मी पुस्तकांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग खाली ठेवली.

"मला तुम्ही आवडता, मृण्मयी. याला दुसरी बाजू नाही."

रस्त्यावरून रिक्षांचा एक जथा गेला. तो जाईपर्यंत ती थांबली.

"दोन दिवस मी तुमच्यावर रागावले होते," ती म्हणाली. "मग कळलं, मला खरंच जायचंय. बाबा म्हणतात म्हणून नाही, मला शिकायचंय म्हणून. दोन वर्षं." तिनं ओढणीनं कपाळ टिपलं. "आणि तुम्ही मला आवडता. हे दोन वेगळे मुद्दे आहेत. एकानं दुसरा खोडला जात नाही... प्रबुद्ध."

माझं नाव तिनं पहिल्यांदाच घेतलं.

तेवढ्यात हॉर्न वाजला. फाटकाजवळच्या मारुतीतून तिचे वडील, श्रीकांतराव, उतरले.

"बाबा, हे प्रबुद्ध. निबंध मला यांनी शिकवला."

"अच्छा! आडनाव काय तुमचं?"

"नरवाडे. आम्ही नांदेडचे. इथं काचीगुड्याला राहतो."

आडनावानंतरची शांतता मला शाळेपासून परिचयाची आहे. श्रीकांतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बरं," ते म्हणाले, आणि मुलीसाठी त्यांनी पुढचं दार उघडलं.

मृण्मयी तिथे बसली नाही. तिनं मागचं दार उघडलं, आत शिरून पार पलीकडच्या खिडकीपर्यंत सरकली, आणि माझ्याकडे पाहिलं.

"या ना. ऊन फार आहे."

मी बसलो. आसन तव्यासारखं तापलं होतं. पुढची जागा रिकामीच राहिली. श्रीकांतराव क्षणभर त्या जागेकडे पाहत राहिले, मग त्यांनी दार लावून घेतलं, स्टिअरिंगपाशी येऊन बसले. गाडी सुरू झाली.

चौकाशी आल्यावर, समोर पाहतच, त्यांनी विचारलं,

"काचीगुड्याला कुठून वळायचं?"