निळ्या वर्तुळातली विहीर

ही बनवलेली गोष्ट नाही. जिच्यावर बेतली ती उल्कान आजही मुरगाबमध्ये राहते. विचारलंत तर सांगेल...

पण विचारू नका. थकली आहे ती.

ते दुष्काळाचं साल होतं. पामीरच्या उघड्याबोडक्या पठारावरचे झरे आटले होते. याकांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

उल्कानची अर्धी हयात भूगर्भवाल्यांच्या छावणीत, जुन्या रशियन नकाशांवर गेली होती. तपकिरी रेषा बघून ती न पाहिलेली खिंड ओळखायची. अशाच एका नकाशावर, कोरड्या खोऱ्यात, तिला निळं वर्तुळ दिसलं.

विहीर. शेजारी लिहिलेलं, 'गोड पाणी'.

"एजे, हा नकाशा आपल्या बापापेक्षा म्हातारा आहे," जीप चालवताना धाकटा भाऊ इसाक कुरकुरला. थोरल्या बहिणीला तो एजेच म्हणायचा.

"असू दे. बापापेक्षा कमी खोटं बोलतो."

दुपार कलताना पोचले. टेकडी बरोबर. ओढ्याचं वळण बरोबर.

विहीर मात्र... नव्हतीच.

नुसती रेती. दोघं तिथेच बसले.

वारा पडला.

आणि मग... कुर्र... कुर्र...

रहाट फिरत होता. पोहरा पाण्यावर आदळला.

अगदी तिच्या पायाखाली.

"ऐकलंस?"

"नाही," इसाक म्हणाला. पण फावडं त्यानेच उचललं.

खणता खणता दगडी कडं लागलं. त्याच्या आत पाणी. उल्कान वाडगाभर पाणी घटाघटा प्यायली. गोड होतं. तिला रडूच आलं.

"तू गुरं घेऊन ये," ती म्हणाली. "मी थांबते इथे."

दुसऱ्या दिवशी तहानलेले याक पाण्याच्या वासाने धावत आले.

आणि थबकले... सगळे एकदम.

पाण्याकडे एकानेही पाहिलं नाही. सगळ्यांची नजर उल्कानच्या शेजारी होती.

तिथे कुणीच नव्हतं.

इसाकने ओठांशी नेलेला वाडगा रेतीत ओतला. "बुजवू या, एजे."

"मी प्यायले त्याचं काय?"



त्या हिवाळ्यात अर्धा कळप मेला. उरलेले याक तिला धार काढू देईनात. मग तिने गुरंच सोडली.

इसाक अजूनही येतो. पीठ, चहा आणतो. दाराशीच ठेवतो.

"आत ये की," ती दमल्या आवाजात म्हणते.

तो तिच्या खांद्यामागे बघतो.

"तुझ्याकडे पाहुणे आहेत, एजे. नंतर येतो."

उल्कान घरात एकटीच राहते.