दोन्ही टोकांना बांधलेली वेणी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची आहे. पटत नसेल त्याने इथेच थांबावं, मला कुणाची मनधरणी करायची सवय नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. रचून लिहिण्याइतकी माझी मजल नाही.

मंगळवार होता. भर दुपार. धाकटीच्या पार्लरमध्ये गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तिने कपात चहा ओतला.

पहिल्याच घोटाला जिभेवर केस आला.

पार्लर म्हटलं की केस आलेच. तिने तो चिमटीत धरला नि ओढला.

तो आला... आणि येतच राहिला.

वीतभर. हातभर. घशाच्या आतून सरसर वर येत होता. कोमट, ओला, बुळबुळीत. टोक सुटलं तेव्हा धाकटीने बेसिनमध्ये सगळा चहा ओकून टाकला.

केस काळाभोर होता. धाकटीचे स्वतःचे म्हणजे उंदराची शेपटी, तीही पिकलेली.

कोपऱ्यात मोबाईलवर गाणं चाललं होतं. तिची मुलगी दिवसातून दहा वेळा तेच लावायची. सगळं यंत्रावर वाजवलेलं. ढब... ढब... ढब... भिंतीपलीकडे कुणी पाय आपटावेत तसं. आणि वर बाईचा थंडगार आवाज.

"उतरते तुझ्यात मी, धाग्याधाग्याने,
गिळ मला, थांबू नकोस.
उरतील दोनच गाठी, तेव्हा
आईला माझी हाक ऐकव."

"कसलं गं हे घाणेरडं गाणं?" धाकटी तोंड पुसत म्हणाली.

"प्रेमाचं आहे, आई. तुला नाही कळायचं."

"गिळायचं कसलं प्रेम? माणूस आहे की औषधाची गोळी?"

पोरगी खिदळली. धाकटीला हसू आलं नाही.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

सहा महिन्यांपूर्वी तो तिच्याच खुर्चीत बसून बोलला होता. एक मुलगी वरच्या मजल्यावर आपल्या आईजवळ राहायची, दिवसभर यंत्रावर गाणी करायची. आम्ही तिला मशीनवाली म्हणायचो. गुडघ्यापर्यंत वेणी. मोठं आजारपण निघालं. औषधाने केस गळणार होते, म्हणून आधीच कापायला आली.

धाकटीच्या पार्लरची एक रीत होती. लांब वेणी कापली की दोन्ही टोकांना लाल दोरा बांधायचा, नावाची चिठ्ठी लावायची नि खणात ठेवायची. जिची तिने घेऊन जायची.

"मावशी, बरी झाले की हिचाच टोप करून घालीन," मशीनवाली म्हणाली होती. "नाहीच झाले, तर आईला द्या."

ती नाहीच झाली बरी.

महिन्याभराने तिची आई पार्लरमध्ये आली. मीही होते तिथे, चहा पीत.

"पोरीने वेणी ठेवली होती का हो तुमच्याकडे?"

"नाही हो बाई," धाकटी म्हणाली. "तेव्हाच कचऱ्यात गेली असेल."

आणि वेणी कुठे होती?

धाकटीच्या डोक्यावर! चिठ्ठी फाडून, आपल्या शेपटीला वेणी जोडून, वर जाळी घालून, चांगला तीन वेढ्यांचा अंबाडा मिरवत होती. गेलेल्या मुलीचे केस. तिच्या आईसमोर.

त्या मंगळवारनंतर रोज केस निघू लागले. उकडलेल्या अंड्याच्या बलकात. दाढेच्या फटीत. घास गिळला की त्याच्या मागून काहीतरी बारीक सरकत जायचं...

शुक्रवारी तिच्या लक्षात आलं. अंबाड्याचे तीनाचे दोन वेढे झाले होते.

तिने वेणी सोडली, टेप लावली. बावीस इंच. कापली तेव्हा छत्तीस होती. दोन्ही दोरे जागच्या जागी... मधलेच केस कमी होत होते.

धाकटी तशीच खाली बसली. इतके दिवस ती काय गिळत होती ते तिला कळलं.

गाण्याचा अर्थही तेव्हाच कळला. ते प्रेमाचं नव्हतंच. कुणाला उद्देशून होतं ते सांगायला नको. आणि मशीनवालीने ते मरायच्या आठवडाभर आधी केलेलं. तोवर चिठ्ठी फाडलीही नव्हती. तिला कसं कळलं, हे मला विचारू नका.

"ताई, थोडी तरी उरलीय तोवर तिच्या आईला देऊन टाकते," धाकटीने मला फोन केला. "सगळी गेली तर काय देऊ?"

मी पोचले तोवर अकरा इंच उरली होती. डब्यात घातली, झाकण घट्ट लावलं. ती पुढे, मी मागे. एकोणीस पायऱ्या.

प्रत्येक पायरीला तिचा घसा हलत होता. गटक... गटक... तोंडात काहीही नसताना.

आईने दार उघडलं. धाकटीने डबा पुढे केला.

आत दोन लाल दोरे. गाठी मारलेले. बस्स.

धाकटीने बोलायला तोंड उघडलं. आवाज आला नाही.

मग आला... पण पोटातून.

ढब... ढब... ढब...

ती आई ओरडली नाही, रडली नाही. गुडघ्यांवर बसली आणि धाकटीच्या पोटाला कान लावला.

"हाच ठेका," ती म्हणाली. "आजारपणात उशीवर बोटांनी हाच वाजवायची." मग अगदी हळू, "बोल, बाळा."

डॉक्टरांनी पोटाचे फोटो काढले. काही नाही म्हणतात. धाकटी मात्र अजून बोलत नाही. ती आई रोज दुपारी पार्लरमध्ये येते, तिच्या पोटाला कान लावून तासभर बसते.

एक राहिलं. ती आई वेणी विचारायला आली त्या दिवशी धाकटी 'हो' म्हणणार होती. मीच तिला कोपर मारलं. "चिठ्ठी फाडल्यावर केसांवर काय नाव उरतं?" हेही आदल्या आठवड्यात मीच म्हटलं होतं.

परवा त्या आईने पोटावरचा कान उचलला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही हल्ली सारखा घसा का खाकरता?"

मी ओठ घट्ट मिटले.

उत्तर द्यायचं तर तोंड उघडावं लागतं.